कंदिलाच्या काचेने खरवडलेली काठी

मी भिकाजी गोविंद मेस्त्री, वय पंचाहत्तर, धंदा होड्या बांधणे आणि दुरुस्त करणे (गुडघ्यांमुळे आता बंद), राहणार तोंडवली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे माझं मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. मालवणच्या वकिलाने छापील नमुना दिला होता. त्यात पहिलं पान संपलं तरी माणूस मरत नव्हता. तो नमुना मी बाजूला ठेवला.

माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा कान गेलाय, पण लिहायला कान लागत नाही. दारू घेत नाही, आज ताप नाही, मागे उभं राहून कोणी माझा हात धरलेला नाही. घरात मी आणि मांजर, आणि मांजराला इस्टेटीत रस नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व दीर्घ चुकेल, इच्छा चुकणार नाही. कागद कचेरीत जाणार म्हणून मराठीत लिहितो. माणसं जी बोलली ती मात्र बोलली तशीच लिहितो. त्यांचं बोलणं मी सुधारणार नाही.

याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दुसरा कागद घेऊन आला तर तो खोटा.

कलम १. मेल्यावर काय करायचं

उगाच कोणाला थांबवून ठेवू नये. मुंबईवाले येईपर्यंत मला बर्फात घालू नये. अग्नी माझी मुलगी अनुजा हिने द्यावा. बाईमाणसाने अग्नी कसा द्यायचा म्हणून कोणी तोंड उघडलं तर त्याला विचारावं, शेवटच्या आजारात मेस्त्रींच्या घरी किती वेळा आलास? मग तो गप्प बसेल. तेराव्याचं जेवण साधं. काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे पुरेत.

कलम २. घर

तोंडवलीचं राहतं घर, मागचं परडं, चौदा माड, विहीर, सगळं अनुजाला. अनुजा छत्तीस वर्षांची आहे, कुडाळला औषधाच्या दुकानात कामाला असते, तिथेच खोली घेऊन राहते. दर रविवारी अकराच्या एसटीने येते, माझ्या गोळ्या मोजून डबीत भरते, भांडते आणि संध्याकाळी जाते. लग्न झालेलं नाही. का झालं नाही ते कलम सहामध्ये आहे. ते वाचल्यावर ती पुढच्या रविवारी येईल की नाही मला माहीत नाही. माझ्याकडे आता तेवढंच एक माणूस उरलं आहे. तरी लिहितो.

घर विकायचं असेल तर विकावं. बापाची आठवण म्हणून गळकं छप्पर सांभाळू नये.

कलम ३. बँकेचं पुस्तक

त्यात जे निघेल ते अनुजाचं. पुस्तक तांदळाच्या डब्यात आहे.

कलम ४. पुतण्या दत्तप्रसाद

चुलतभावाचा मुलगा दत्तप्रसाद परळला राहतो आणि चतुर्थीला येतो तेव्हा माझ्या घराची लांबीरुंदी पावलांनी मोजतो. त्याला इथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. त्याने दोन हजार नऊ साली माझी मोठी करवत नेली ती परत दिली नाही. त्याच करवतीने त्याने आमच्या बांधावरचा फणस कापला. ती करवत मी त्याला देत आहे. ती त्याच्याकडेच आहे, त्यामुळे पोचवायचा खर्च नाही. याशिवाय त्याला काही नाही.

कलम ५. हत्यारं

वाकस, रंधे, पटाश्या, गिरमिट, सगळं शेजारी बाबू तारी याला. बाबूची होडी मी तीनदा नवी केली. दर वेळी तो म्हणायचा, "मेस्तानू, माझ्यापरास माझ्या होडयेचा वय कमी आसा." हत्यारांना गंज चढू देऊ नये. वाकसाचा दांडा माझ्या बापाच्या हातचा आहे, तो बदलू नये.

हत्यारांच्या पेटीत एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. त्यात कंदिलाच्या फुटक्या काचेचे तुकडे आहेत. जुन्या मेस्त्रींना हे ठाऊक आहे. फळी सपाट असते, तिला साधी काच चालते. वल्हं आणि डोलकाठी गोल, त्यांचा जुना रंग खरवडायला कंदिलाची काच पाहिजे, कारण ती स्वतःच गोल असते आणि अंगाबरोबर फिरते. माझ्या बापाने मला हे शिकवलं. मी कोणाला शिकवलेलं नाही.

हा डबा बाबूला नाही. कोणालाच नाही. समुद्रात टाकू नये, कोणाच्या पायाला लागेल. परड्यात तिसऱ्या माडाच्या मुळाशी कमरेएवढा खड्डा करून पुरावा.

कलम ६. माझा मुलगा विनीत

हे कलम लिहायला मला आठ दिवस लागले. बाकीचं सगळं एका बसणीत झालं.

विनीत अनुजापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याला होड्यांच्या कामात गोडी नव्हती. त्याला गरवायचं वेड, म्हणजे गळ टाकून मासे धरायचं. पुढे त्याने त्याचाच धंदा केला. पुण्यामुंबईचे हौशी लोक यायचे, त्यांना तो खडपात, म्हणजे टोकाच्या खडकांवर न्यायचा आणि मासे दाखवायचा. काठीवर गळाची दोरी ओवायच्या रिंगा बांधायचा, त्यावर रेशमी दोरा असा गुंडाळायचा की सांधा दिसत नसे. दोऱ्याचा हात त्याला आईचा. नर्मदा जाळी विणायची. ती आधीच गेली. बरं झालं गेली.

त्याचा जोडीदार प्रीतम कुबल. मालवणात त्याचं गरी, दोरे, काठ्या विकायचं दुकान होतं. प्रीतमचं आणि आमच्या अनुजाचं जमलं. जात बघणारे बघत बसले, मी बघितली नाही. पोरगा कामाचा होता आणि थोडं बोलायचा. साखरपुडा मीच केला. ही दोन हजार अठरा सालची गोष्ट.

त्या वर्षी गणपती गेल्यावर विनीत आणि प्रीतम माझ्या मांगरात आले. मांगर म्हणजे रस्त्याकडची माझी कामाची शेड. विनीतच्या हातात त्याची कार्बनची काठी होती, प्रीतमच्याच दुकानातून पाच वर्षांपूर्वी घेतलेली. दोन भागांची, मध्ये जोडायची. खालच्या भागाचा वार्निस उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने पिवळा पडून तडकला होता, रिंगा गंजल्या होत्या.

विनीत म्हणाला, "बाबा, हेचो जुनो वार्निस काढून देशात? रिंगी आमी नवीन बांधतलंव."

प्रीतम म्हणाला, "काकानू, पण वायच सांभाळून. गरम पाण्यात पिळलेलो फडको गुंडाळूचो, वार्निस मऊ झालो काय नखान काढूचो. काच, ब्लेड कायएक लावू नकात. रिमूवर तर नकोच."

मी म्हटलं, "माका शिकयतंस? तुझ्या बापाशीची होडी मी खरवडलंय तेवा तू पाळण्यात मुतत होतंस."

"होडी नाय मां ही, काकानू. होडयेक जाड फळी आसता. हेची कातडी काढलात की खाली नुसती हाडां."

"होणाऱ्या सासऱ्याक अक्कल शिकवूची नाय," मी म्हटलं. तिघेही हसलो. विनीत सगळ्यात जास्त हसला. म्हणाला, "प्रीतम, मेल्या, लगीन मोडात हां!"

ते गेले. मी काठी हातात घेतली. एवढीशी, पोकळ, पुठ्ठ्याएवढी भिंत. एक जागा गरम फडक्याने मऊ करून नखाने काढून बघितली. अर्ध्या तासात दोन बोटं जागा. हिशोब केला, सहा दिवस लागणार. सहा दिवस एका काठीला! मी चाळीस होड्या खरवडलेला माणूस. आमच्या कामात नियम एकच, जुना हात, म्हणजे रंगाचा थर, पुरता उतरवायचा, लाकूड दिसेपर्यंत. जुना हात राहिला तर नवा धरत नाही. मी बिस्किटांचा डबा काढला. आधी होडीच्या रंगाचा रिमूवर लावला, मग कंदिलाची काच चालवली. उभी चालवली, वल्ह्यावर चालवतो तशी, मुठीपासून वरपर्यंत. एका दुपारीत काठीचा खालचा भाग काळाकुळकुळीत उघडा केला. मग घासली, नवा वार्निस दिला. आरशासारखी झाली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

आता मला माहीत आहे. कार्बनच्या काठीत केसासारखे धागे उभे लावून एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि सगळा भार तेच घेतात. माझी काच त्या धाग्यांवरून गेली आणि त्यांना चिरत गेली. रिमूवरने त्यांचा चिकटा खाल्ला. लाकडात खोल गेलं तर लाकूड दिसतं. इथे खोल गेलं तरी काळंच दिसतं. कुठे थांबायचं ते मला कळलं नाही, आणि ज्याला कळत होतं त्याला मी हसण्यावारी नेलं.

विनीत काठी न्यायला आला. उन्हात धरून फिरवून बघितली.

"बाबा, काच नाय मां लावलात?"

"नाय."

"खरा?"

"अरे मेल्या, बापाशीक इचारतंस?"

तो हसला. काठी हवेत दोनदा मारली, सूं सूं आवाज केला. म्हणाला, "नवी कोरी केलात! बाबा, तुमचो हात म्हणजे..." आणि बाहेरून कोणीतरी हाक मारली म्हणून तो तसाच पळाला. माझा हात म्हणजे काय, ते राहिलं.

नोव्हेंबरच्या अकरा तारखेला सकाळी दोघे खडपात गरवायला गेले. गिऱ्हाईक नव्हतं, आपल्या हौसेने. विनीतच्या गरीला मोठा गोबरा मासा लागला. गोबरा लागला की तो खडकाच्या बिळात शिरायला बघतो, म्हणून माणूस सगळा भार मागे टाकून त्याला ओढतो. विनीतने तसंच केलं. काठी मुठीच्या वर वीतभर अंतरावर मोडली. तो मागे गेला. मागे कालवं लागलेला खडक होता. डोकं आपटून तो पाण्यात पडला. प्रीतमने उडी मारून त्याला बाहेर काढलं आणि खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणलं. कालवांनी प्रीतमचे दोन्ही पाय सोलून निघाले होते. विनीत रस्त्यावरच गेला. पोलिसांनी तोल जाऊन अपघात असं लिहिलं.

बाराव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. प्रीतम पायाला फडकी बांधून आला आणि काठी माझ्यासमोर ठेवली. वरचा भाग धड, खालच्याचे दोन तुकडे. म्हणाला, "काकानू, ही तुमच्याकडे रवांदेत."

मी खालचा तुकडा उचलला. मोडलेल्या जागी बोट फिरवलं. मेस्त्रीला आपल्या हत्याराची खूण कळते. काचेच्या उभ्या रेघा थेट मोडीपर्यंत गेल्या होत्या. नव्या वार्निसखाली त्या झाकल्या होत्या, मोडल्यावर कड उघडी पडली होती.

मला त्या क्षणी कळलं. पुढे कधीतरी कळलं असं नाही. त्याच क्षणी.

आणि मी ओरडलो, "ही तुझ्या दुकानातली काठी! डुप्लिकेट माल दिलंस माझ्या झिलाक! तुझ्यामुळे गेलो तो!"

 प्रीतमने माझ्या हातातून तो तुकडा घेतला. त्याने अंगठा फिरवला. मोडीजवळ त्याचा अंगठा थांबला. त्याने वर माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याला समजलं, आणि मला समजलं की त्याला समजलं. आता बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. बोलला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "होय काकानू. माल वायट होतो. चूक माझीच."

तुकडा खाली ठेवला आणि गेला. अनुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी मालवणला गेली. त्याच्या दुकानात गरींच्या डब्यांमध्ये साखरपुड्याची अंगठी ठेवली आणि म्हणाली, "माझ्या भावाक खाल्लंस आणि वर तोंड करून बाराव्याक इलंस!"  दुकानात उभ्या असलेल्या माणसांनी हे गावभर केलं.

त्यानंतर तिला स्थळं आली. चांगली आली. एक कट्टा गावचा मास्तर तर दोनदा आला. तिने सगळ्यांना नाही म्हटलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा, माका माणूस ओळखूक येणा नाय. एकदा चुकलंय, पुरे झाला."

अनुजा, तू चुकली नव्हतीस. तू माणूस बरोबर ओळखलास. हे सात वर्षं माझ्या जिभेवर होतं आणि दर रविवारी तू गोळ्या मोजताना मी ते गिळलं. तू माझ्या बाजूने उभी राहिलीस म्हणून मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू उठून गेली असतीस आणि मी एकटा राहिलो असतो. म्हणून मी तुला एकटी ठेवली. याच्यापेक्षा सोपं करून मला लिहिता येत नाही.

कलम ७. गाऱ्हाणं

हे मी केलेलं दुसरं काम. विनीतला महिना झाल्यावर मी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. नारळ ठेवला, गाव जमलं. गावाच्या वतीने देवाशी बोलणारा घाडी म्हणाला, नाव सांग. देवासमोर प्रीतमचं नाव घ्यायला माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, नाव नको, ज्याच्या हाताने काठी निकामी झाली तो, एवढंच म्हण.

घाडीने हात जोडून म्हटलं, "देवा महाराजा, ज्या कोणाच्या हातान ही काठी निकामी झाली, तेच्या दाराक कुलूप पडांदे, तेच्या घरचो दिवो इझांदे!"

सगळं गाव म्हणालं, "व्हय महाराजा!"

मीही म्हणालो.

गावाला वाटलं प्रीतम. त्याच्या दुकानात जायचं लोकांनी बंद केलं. शिमग्याच्या आत दुकानाला कुलूप पडलं. तेव्हा त्याची आई राधाबाई माझ्या बेड्याशी, म्हणजे आवाराच्या दाराशी, उभी राहून ओरडली, "शिरा पडो तुमच्या तोंडार, भिकाजी मेस्त! माझ्या झिलान पाण्यात उडी घालून तुमचो झील भायर काढल्यान, आणि तुमी तेका देवासमोर नेवन पुरलात!" मी दार लावून घेतलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

प्रीतमने पुढे कट्ट्याची मुलगी केली. त्यांना तन्वी नावाची मुलगी आहे, बालवाडीत जाते. तो आता दुसऱ्याच्या होडीवर पर्यटक फिरवतो. रस्त्यात भेटला तर अजून "काकानू, बरे मां?" म्हणतो. मी हूं म्हणतो आणि पुढे जातो.

यंदा चतुर्थीला अनुजा देवापुढे दिवा लावत होती. वात पुढे सारता सारता सहज हसत म्हणाली, "बाबा, माझ्यामागे ह्या घरात दिवो कोण लावतलो हो? मांजर?"

तेव्हा मला कळलं की देवाने ऐकताना माणूस बरोबर धरला होता.

कलम ८. जुना वार्निस कसा काढावा

हे माझ्या इस्टेटीत धरावं. ज्याला लागेल त्याने वापरावं.

चतुर्थीनंतर मी माळ्यावरून लुंगीत गुंडाळलेली काठी खाली काढली. वरच्या भागाला मी तेव्हा हात लावला नव्हता, त्यावर जुना वार्निस तसाच होता. तो प्रीतमने सांगितला तसा काढला. हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात फडकं पिळून गुंडाळायचं. मऊ झालं की अंगठ्याच्या नखाने उचलायचं. रिंगेचा दोरा कापायचा तर ब्लेड फक्त रिंगेच्या लोखंडी पायावर टेकवायचं, काठीवर कधी नाही. राहिलेला चिकटा स्पिरिटच्या फडक्याने पुसायचा. शेवटी बारीक पाणकागद, आडवा फिरवून, हलक्या हाताने. एखाद्या जागी जुनं निघत नसेल तर राहू द्यावं. सगळं काढायचं नसतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं.

सहा दिवस लागले. बरोबर सहा. अंगठ्याचं नख तुटलं, बाकी काही झालं नाही. वरच्या भागावर एक रेघ नाही. खालच्या तुकड्यांवर रेघाच रेघा. दोन्ही एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले. ज्याला खात्री करायची आहे त्याने दोन्हींवर बोट फिरवावं.

वरचा भाग प्रीतमला. खालचे दोन तुकडे माझ्याबरोबर जाळावे.

कलम ९. मांगर

रस्त्याकडचा मांगर आणि त्याखालची जागा प्रीतमला. त्यात त्याने दुकान घालावं की बकऱ्या बांधाव्या, त्याची मर्जी. हे दुकानाची भरपाई म्हणून नाही. त्याची भरपाई मांगराने होत नाही, एवढं मला कळतं. अनुजाने याला हरकत घेऊ नये. घेतली तरी मांगर त्याचाच.

प्रीतमला मी यातलं अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो परत म्हणेल, चूक माझीच. त्याला ते म्हणायची संधी मी आता देणार नाही.

कलम १०. हा कागद कधी उघडायचा

वकील म्हणाला पाकीट बंद करून ठेवा, मेल्यावर उघडतील. आधी मलाही तेच सोयीचं वाटलं. मग विचार केला, मेल्यावर वाचून अनुजा भांडणार कोणाशी? फोटोशी? ज्याने केलं तो समोर बसलेला पाहिजे.

म्हणून येत्या रविवारी अकराच्या एसटीने ती आली की पाय धुवून झाल्यावर हा कागद मी तिच्या हातात देणार. सोमवारी देवळात परत गाऱ्हाणं. घाडीला सांगून ठेवलंय. या वेळी नाव घ्यायचं, माझं. काठीचे तुकडे देवासमोर ठेवायचे आणि गावातल्या प्रत्येकाने बोट फिरवायचं. सात वर्षांपूर्वी व्हय महाराजा म्हणायला जेवढे होते तेवढे या वेळीही पाहिजेत. जे मेले त्यांच्या मुलांनी यावं.

कलम १ मी खोडत नाही, पण त्यात बदल करतो. अग्नी अनुजाने द्यावा ही इच्छा आहे, सक्ती नाही. तिने नाही म्हटलं तर बाबू देईल, आणि कोणी तिला का नाही म्हणून विचारू नये. घर तिचंच. ती आली नाही तरी, बोलली नाही तरी.

रविवारी भात दोघांचा लावणार आहे.

सही: भिकाजी गोविंद मेस्त्री

साक्षीदार

वकील म्हणाला, ज्याला मांगर देता त्याची आई साक्षीला नको. मी म्हटलं, तीच पाहिजे. म्हणून दोन साक्षीदार नियमाचे आणि तिसरी माझी. सह्या राधाबाईच्या ओट्यावर केल्या. मी सगळ्यांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केल्या. राधाबाईने सही करायच्या आधी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. चहा विचारला नाही, ते बरोबर केलं. मग पेन मागून खाली आपल्या हाताने लिहिलं, ते मी खोडलेलं नाही.

१. बाबू शिवराम तारी, तोंडवली

२. सारिका महादेव पाटकर, क्लार्क, ग्रामपंचायत

३. राधाबाई यशवंत कुबल, तोंडवली

वाचलंय. सही केलंय. माफ केलंय असा धरू नकात. आयतवारी अकरा वाजता मी तुमच्याकडे येवन बसतंय. अनुजाक, तुमच्या चेडवाक, ह्या एकट्याक वाचूक देव नकात. भात तिघांचो लावा.

ठिकाण: तोंडवली, राधाबाईच्या घरचा ओटा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार